ओळंब्याची वाकडी पाटी

३ फेब्रुवारी

ती. ताईस, शि. सा. न.

पोटाची वार्षिक दुर्बीण-तपासणी पार पडली. अप्पांकडून वारशात आलेले आतड्यातले पॉलिप, त्या बारीक गाठी, यंदा चारच निघाले. डॉक्टरबाईंनी तिथल्या तिथे काढून टाकले. देवाची कृपा. तुझी तपासणी मात्र दोन वर्षं राहिली आहे, हे मी विसरलेलो नाही.

धंद्यात मात्र गंमत झाली. केशकर्तनालयाची पाटी रंगवली, तर मालक म्हणे अक्षरं उजवीकडे घसरलीत. मी म्हटलं, तुमची भिंत वाकडी. पाटी बसवणाऱ्या सुतारानं त्याचीच री ओढली, तेव्हा त्याच्याशीही भांडलो. पंचवीस वर्षं दोरी न लावता ओळ मारतोय मी! अप्पा मला गवंड्याचा ओळंबा म्हणायचे ते काय उगाच? सकाळचं डोकं दुखतं, ते रंगाच्या वासानं असेल.

लोभ कानउघाडणीसकट असू दे.

तुझा,
ओळंबा

९ फेब्रुवारी

चि. ओळंब्यास, अ. उ. आ.

पोरांच्या वह्या तपासत होते, तेवढ्यात तुझं पत्र आलं. सवयीनं त्यावरही लाल पेन उचललं, तर ओळी उतरलेल्या. तुझी जुनी पत्रं काढून पट्टी लावली. ऑगस्टपर्यंत सरळ, मग उतार, आणि या पत्रात टोकाला चांगला बोटभर. भिंत वाकडी नाही रे बाबा.

डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, असे वारशातले पॉलिप असणाऱ्यांपैकी एखाद्याला, अगदी क्वचित, मेंदूतही गाठ होते. डोक्याचा एमआरआय लगेच करून घे. घाबरायचं काम मी करते आहे, तू नुसता जा.

तुझी,
ताई

१३ फेब्रुवारी

ती. ताईस, शि. सा. न.

पोट कुठे, डोकं कुठे! आणि भावाच्या पत्राला कोणी पट्टी लावतं का? रागारागानं भिंतीवर दोरी ताणली, पाणसळ लावून पाहिली. दोरी सरळ होती, ताई. मला ती चढलेली दिसत होती.

देवापुढे थोडा वेळ बसलो. काय मागावं ते सुचेना, म्हणून नुसताच बसलो.

उद्या एमआरआय आहे. पण एक अट. मी डोकं दाखवतो, तू पोट दाखव. अप्पांनी दोघांना सारखंच दिलंय. शाळेची सबब चालणार नाही.

तुझा,
ओळंबा

२४ मार्च

ती. ताईस, शि. सा. न.

ऑपरेशननंतरचं हे पहिलं पत्र, मुद्दाम बिनरेघांच्या कागदावर. लिंबाएवढी गाठ होती, सगळी निघाली म्हणतात. आता किरणोपचार, पुढचं देवाच्या आणि डॉक्टरांच्या हाती.

सुतार भेटायला आला. मी माफी मागितली, पाटी पुन्हा रंगवून देतो म्हटलं. तो म्हणाला, मालक आता हातही लावू देत नाही. पाटी वाचायला लोक मान वाकडी करतात आणि तशीच घेऊन खुर्चीत बसतात!

पट्टी लाव आणि कळव.

तुझा,
ओळंबा

३० मार्च

चि. ओळंब्यास, अ. उ. आ.

अट पाळली. सात पॉलिप काढले. त्यातल्या एकाची लक्षणं बरी नव्हती, पण वेळेत निघाला, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. तू हट्ट धरला नसतास तर मी गेले नसते.

पट्टी लावली. तिसरी ओळ केसभर उतरली आहे, बाकी सरळ. दहापैकी नऊ दिले. एक राखून ठेवला आहे, नाहीतर लिहायचं थांबवशील.

तुझी,
ताई