बाबांच्या जागेचा टॉस

विस्कॉन्सिन, २७ जानेवारी

व्हर्नाताईस लाइलचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे तो कागदावरच घालतो आहे). तिकडे ॲरिझोनाच्या उन्हात तुझी कंबर मोकळी झाली असेल. इकडे सगळे खुशाल आहेत. डुएनही खुशालच आहे, फक्त मी त्याच्याशी बोलत नाही.

आपला फुटबॉल संघ हरल्याचं तुला कळलंच असेल. मी मात्र त्याच्या आठ दिवस आधीच हरलो होतो, आणि तेही डुएनच्या स्वयंपाकघरात. या मोसमानंतर स्टेडियममधले जुने बाक काढून खुर्च्या बसवणार आहेत. तेव्हा बाद फेरीच्या सामन्यांना बाबांच्या बावीस नंबरच्या जागेवर (बत्तीस वर्षं बसून त्यांनी आकड्याचा रंग घालवला) कोण बसणार आणि शेजारी तेवीसवर कोण, यासाठी आम्हा भावांत टॉस ठरला. डुएनने नाणं उडवलं ते थेट जॉइसच्या चीज सूपमध्ये. वहिनीने पळीने काढलं. छापा! मी जिंकलो.

इथे माझी अक्कल आडवी आली. पूर्वी सामना बरोबरीत सुटला की जादा वेळात टॉस जिंकणारा आधी चेंडू घ्यायचा आणि तो समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन टचडाउन केलं की खेळ खलास. दुसरा बिचारा चेंडूला हात न लावता घरी. बाबा या नियमाला जन्मभर शिव्या घालत होते. आता दोघांनाही एकेक पाळी मिळते. म्हणून शहाणे लोक टॉस जिंकून दुसरी पाळी घेतात, म्हणजे किती गुण लागतात ते आधीच कळतं. मीही शहाणाच. म्हटलं, डुएन, पहिल्या सामन्याला तू बस बाबांच्या जागी, पुढच्याला मी बसतो.

"अहो भावजी, पण हरलो तर पुढचा सामना होणारच नाही ना?" जॉइसवहिनी म्हणाली. तुला यातले डावपेच कळायचे नाहीत, असं मी तिला सांगितलं. (ते वाक्य सध्या मला रोज ऐकवलं जातं.)

सामना बरोबरीत सुटला. जादा वेळाचा टॉस आपल्या कप्तानाने जिंकला आणि पहिली पाळी समोरच्यांना दिली. डुएनने वळून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जादा वेळ म्हणजे नवा खेळ. ऊठ, आता माझी पाळी." तो म्हणाला, "टॉस मैदानात झालाय, आपला नाही. गप सॉसेज खा." समोरच्यांनी टचडाउन केलं. आपल्या पोरांना किती गुण लागतात ते अगदी नीट कळलं होतं. तिसऱ्याच चालीत चेंडू हातातून निसटला, समोरच्यांनी उचलला आणि खेळ खलास.

लोक निघून गेले, तरी डुएन बाबांच्या जागेवरून उठेना. रडत होता. मलाही रडू आलं, पण तेवीस नंबरवर. ताई, मला त्या जागेवर एकदा बसायचं होतं गं.

तुझा,
लाइल

ता. क. : तिकिटं तुझ्या नावावर असल्याने जुन्या बाकाची हातभर फळी घरी नेण्याचा फॉर्म तुझ्याकडे येईल. बावीस नंबरची फळी मला दे.

ता. क. २ : डुएनही तुला पत्र लिहितो आहे, असं वहिनीकडून कळलं. तो सावकाश लिहितो, म्हणून हे मी आजच टाकतो आहे. त्याचं आलं तर आधी फॉर्मवर सही कर आणि मगच उघड. दोघांनाही पाळी मिळायला हवी, हे मला मान्य आहे. ते फुटबॉलपुरतं.