किल्लीवाली तू नाहीस

प्रिय वहिनी,

फोन करायचा सोडून पत्र काय लिहिते, म्हणून कपाळाला आठी घालशील. पण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी दोन वाक्यं पुढे गेले की म्हणतेस, ते जाऊ दे, जेवलीस का. मग मी मुकाट्याने जेवणावर येते, कारण मलाही तेच सोयीचं असतं. पत्रात निदान मध्येच कुणी ताट वाढत नाही.

परवा दादाचा फोन आला. मी लिहिते ती किल्ल्यातल्या राण्यांची मालिका तू बघायची बंद केलीस म्हणाला. खालच्या दुकानातल्या मुलींनी तुला बघून 'आली किल्लीवाली' म्हटलं, तेही कौतुकाने. तू त्यांच्यासमोर हसलीस आणि घरी येऊन टीव्हीवर चादर टाकलीस. डब्याचं झाकण लावलं की त्यावर दोन टिचक्या मारायच्या, ही तुझी लग्न होऊन आलीस तेव्हापासूनची सवय, तीही बंद. दादा म्हणाला, स्वयंपाकघरात कुणी आहे की नाही तेच कळत नाही. खोदून विचारल्यावर तू त्याला एवढंच म्हणालीस, की माझ्यात एवढं वाईट काय दिसलं तिला, ते एकदा विचार. त्याने ते जसंच्या तसं मला ऐकवलं. निरोपात साखर घालणं दादाला कधी जमलंच नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की तुझ्यात मला वाईट काहीही दिसलं नाही. पण ही एवढीच ओळ पाठवली तर तू म्हणशील, आता सारवासारव करते आहे. म्हणून सगळं सांगते. ऐकून घे.

आमचं काम कसं चालतं ते मी तुला नेहमी रंगवूनच सांगितलं. खरं म्हणजे एक लहानशी खोली आहे, गळका एसी, त्याखाली बादली, आणि भिंतभर चिकटवलेली कार्डं. पुढच्या भागात काय घडणार ते कथा-विभाग चार ओळींत लिहून देतो. त्यात माणसं उभी करायची आणि त्यांच्या तोंडी संवाद घालायचे, हे माझं काम. सुरुवातीलाच चॅनलच्या मॅडमनी बजावलं होतं, की मालिका लागते तेव्हा बायका ओट्यापाशी असतात, टीव्हीकडे पाठ असते. तेव्हा तुमच्या किल्ल्यातली प्रत्येक बाई न बघता, नुसती ऐकून ओळखू आली पाहिजे. एकेकीला एकेक लकब द्या. उद्या सकाळी अकराच्या आत द्या.

मला कुठल्या राण्या माहीत असणार, वहिनी? मला तू माहीत होतीस. थोरली राणी कुणी टाकून बोललं की आधी हातातल्या कापडाची एक घडी घालते आणि मग उत्तर देते, ती तू. आई तुला बोलायची तेव्हा तू तेच करायचीस. धाकटी राणी हसू दाबते आणि ते नाकातून फुटतं, तीही तूच. थोरलीला लोक पत्रं लिहितात. धाकटीसारखी केसांची रचना करून मुली फोटो काढतात. दोघींचं कौतुक ऐकताना मी एकदाही कुणाला सांगितलं नाही, की हे सगळं आमच्या वहिनीचं आहे. उलट मान तिरकी करून म्हणायचे, सुचतं आपोआप.

मग उरली किल्लीवाली. किल्ल्याच्या कोठारावरची बाई, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तुझ्या दोनच गोष्टी माझ्याकडे शिल्लक होत्या, त्या तिला देऊन टाकल्या. एक त्या टिचक्या आणि दुसरं तुझं 'माझं काय, मी आहेच की'. आई आजारी असताना तिची कूस बदलायला तू दुपारची झोप मोडून उठायचीस आणि मी ओशाळले की हे म्हणायचीस. ऐकून जिवाला केवढं बरं वाटायचं. तेच वाक्य किल्लीवाली धाकट्या राणीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली आणि प्रेक्षकांच्या अंगावर काटा आला. दिग्दर्शकाने सेटवर सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मीही ती थोपटून घेतली. तिकडे तू ओट्यापाशी पाठ करून उभी असशील आणि स्वतःला ओळखशील, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. दुसऱ्याच्या घरात कान लावायला शिकवतात आम्हाला, आपल्या घरात कोण ऐकतंय ते शिकवत नाहीत.

किल्लीवाली काय करते ते तू बघितलंस. वेढा पडायच्या आधी धाकटीच्या माहेराहून खलिता येतो, की तुला न्यायला माणसं पाठवतो आहोत, तयार राहा. किल्लीवाली तो परस्पर घेते आणि धान्याच्या कणगीत खोल पुरते. कारण धाकटी गेली तर अंथरुणाला खिळलेल्या राजमातेचं सगळं तिच्या गळ्यात पडेल. धाकटी वाट बघते. माहेरच्यांनी आपल्याला टाकलं असं धरून चालते आणि राजमातेची सेवा करत राहते. किल्लीवाली तिला हवं नको विचारते, तिच्यासाठी गोड राखून ठेवते. कथा-विभागाच्या कागदावर फक्त 'खलिता गहाळ होतो' एवढंच होतं. तो कुणी लपवला आणि का, हे मी दहा मिनिटांत लिहिलं, एकही शब्द न खोडता. सगळे म्हणाले, काय कल्पनाशक्ती आहे.

किल्लीवालीचं काम करणाऱ्या बाई फार भल्या आहेत. दोन शॉटच्या मध्ये कोपऱ्यात बसून नातवासाठी स्वेटर विणत असतात. त्यांनी एकदा मला विचारलं, की ही एवढं गोड बोलते, मग असं का वागते. मी म्हटलं, भीतीपोटी. त्या म्हणाल्या, मग एखादा प्रसंग द्या ना, जिथे हिला स्वतःचीच लाज वाटते, मला करायला बरं पडेल. मी हो म्हटलं. दीडशे भाग झाले, तो प्रसंग मी लिहिला नाही.

आईला झटका आला ते वर्ष आठवतं? तुझा लॅबचा कोर्स नुकताच संपला होता. मोठ्या हॉस्पिटलात मुलाखत होती, तुझा तो निळा ड्रेस आपण दोघींनी मिळून इस्त्री केला. मला त्याच महिन्यात या लेखनाच्या ऑफिसात घेतलं होतं, तीन महिने बघू म्हणून. दादाची शिफ्ट. घरात दोन बायका आणि आईपाशी कुणीतरी एकीने थांबायला हवं होतं. हे आपण दोघी जाणून होतो आणि दोघी त्यावर बोलत नव्हतो. मुलाखतीहून तू किती खुशीत आलीस. एकच प्रश्न अडला म्हणालीस, बाकी सगळे आले. मग रोज जिन्याखालची पत्रपेटी बघायला लागलीस. महिनाभराने तू स्वतःच म्हणालीस, त्या एका प्रश्नाने घात केला. पुस्तक काढून बघितलंस तर तुझं उत्तर बरोबर निघालं. तरी म्हणालीस, मग बोलताना अडखळले असेन. पुस्तक कपाटात वर टाकलंस आणि परत कुठे अर्ज केला नाहीस. पुढची सहा वर्षं आईचं सगळं केलंस. मी संध्याकाळी ऑफिसातून यायचे आणि तू मला गरम वाढायचीस. येताना मी तुला कधी गजरा आणायचे, कधी मिठाई. तू म्हणायचीस, किती जीव लावतेस वन्सं.

आता येत्या आठवड्यात धाकटी राणी किल्लीवालीला माफ करते, असा प्रसंग होता. तो मी लिहून दिला होता. धाकटी नाकातून हसते आणि म्हणते, झालं ते झालं, तू तरी कुठे सुखी होतीस. वाचताना दिग्दर्शकाचे डोळे भरून आले. दादाचा फोन ठेवल्यावर मी ती पानं पुन्हा वाचली आणि मला माझी किळस आली. पाप माझं, ते घातलं तुझ्या अंगावर. आणि माफीही मीच लिहिली, तुझंच हसू वापरून, तुला न विचारता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या तरी चोर उघड्यावर मारतो. मी त्या लिहून त्यावर शाबासकी घेतली. ती पानं मी आज सकाळी परत घेतली. ऑफिसात सगळे भडकलेत, गुरुवारी शूटिंग आहे. भडकू देत.

या पत्रासोबत एक जुनं पाकीट आहे. त्यावर तुझं नाव आहे आणि ते उघडलं आहे मी. पोस्टमनने ते जिन्यात माझ्या हातात दिलं, तेव्हा तू आईला भरवत होतीस. आठ दिवसांत रुजू व्हा, असं आत लिहिलं होतं. ते आठ दिवस मी तुझ्याशी फार गोड वागले. नंतर ते फाडून टाकायचं धैर्य झालं नाही आणि द्यायचंही नाही. आठ वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा तरी द्यायचं होतं, तेव्हाही दिलं नाही. मला माफ कर असं मी लिहिणार नाही. तुझ्या वतीने माझं पुष्कळ लिहून झालं. तुला काय वाटेल ते वाटू दे, दादाला सांगायचं तर सांग, माझं तोंड बघू नये वाटलं तर नको बघूस. पण दुकानातल्या त्या मुली जिला हाक मारतात ती मी आहे, एवढं तुला कळायला हवं होतं. आणि तू नापास झाली नव्हतीस, वहिनी. बारा जणांमधून त्यांनी तुला एकटीला घेतलं होतं. चौदा वर्षं हे फक्त मला माहीत होतं.

तरीही तुझीच,
वन्सं