आभारपत्रांमागचा हात

९ नोव्हेंबर, रविवार दुपार

ताई,

नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत. हिचं दाताचं काम एकदाचं उरकलं. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस म्हणून किती सांगायचं तुला.

एवढं लिहून अर्धा तास नुसता बसून होतो. खरं तर फोनच करणार होतो. ही म्हणाली, "फोनवर तुम्ही रडाल, आणि ताईच तुमची समजूत काढत बसतील. लिहा."

दीक्षान्त समारंभाला येऊन तू जिला भेटणार आहेस, आपल्या चिमीच्या नावाची शिष्यवृत्ती मिळणारी ती मुलगी, ती नाहीये. आजारी नाही, कुठे गेलेलीही नाही. ती कधी नव्हतीच.

पहिल्या वर्षीची मुलगी खरी होती. तिचं दोन ओळींचं पत्र आठवतं ना? तू म्हणालीस, किती कोरडं लिहिलंय. ते कोरडं पत्र खरं होतं. पुढच्या वर्षी विद्यापीठाच्या सभागृहाच्या छताला पैसे कमी पडले, तेव्हा वित्त अधिकाऱ्यांनी अकरा देणग्यांच्या ठेवी मोडल्या. तुझीही मोडली. "तात्पुरतं वळवतोय, मार्चमध्ये परत टाकू," म्हणाले. "तुम्ही फक्त देणगीदारांना आभारपत्रं नेहमीसारखी जातील एवढं बघा."

देणगी कक्षात ते काम माझं. दहा जणांना छापील पत्रं पाठवली. पण तू पत्राची वाट बघत होतीस. आयुष्यभर हॉस्पिटलात रात्रपाळ्या करून साठवलेला फंड तू माझ्या शब्दावर दिला होतास. "तू आहेस ना तिथे, मग मला काळजी नाही," असं म्हणाली होतीस. मला तुला खरं सांगायला तोंड नव्हतं. मग भूगर्भशास्त्राच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी मी मनानेच उभी केली आणि अक्षर तिरकं करून तिच्या नावानं तुला लिहिलं.

वाटलं होतं, एकदाच. पण तू तिला उत्तर पाठवलंस, देणगी कक्षाच्या पत्त्यावर. मग तिनं लिहिलं, मग तू. तू विणलेला स्वेटर माझ्या कपाटात फायलींमागे पडून आहे. तीन वर्षांत तुझी चौदा पत्रं आली. ती सोबत परत पाठवतो.

त्यातलं नववं पत्र माझ्यासाठी नव्हतं, ताई. चिमीशी तुझं शेवटचं बोलणं काय झालं, ते तू मला, आईला, कुणालाच सांगितलं नव्हतंस. तिनं विभागाच्या सहलीला जाऊ नये म्हणून तू रागावलीस, "जायचं तर जा, पण मला फोन करू नकोस," म्हणालीस, आणि दुसऱ्या दिवशी सहलीची बस उलटून ती गेली. हे तू एका अनोळखी मुलीला विश्वासानं लिहिलंस, आणि वाचलं मी. वर तिच्या नावानं तुझी समजूतही काढली. त्यावर तू लिहिलंस की बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली. ते वाचून मी टेबलावरून उठलो आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

गेल्या सोमवारी तुझं येण्याचं पत्र आलं. मी ते घेऊन थेट कुलसचिव मॅडमकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "लेखी द्याल?" दिलं. ठेवी मोडल्याचे आदेश, माझ्या पत्रांचे कच्चे खर्डे, सगळं जोडून दिलं. चौकशी सुरू झालीय. वित्त अधिकारी आणि मी, दोघंही निलंबित आहोत. मी तक्रार केली म्हणून मला वेगळं धरू नकोस.

तुला विद्यापीठाचं पत्र येईल. त्यात 'तांत्रिक विलंब' असं काही लिहिलं असेल तर मान्य करू नकोस. दरवर्षीचा हिशेब माग, कुणाला शिष्यवृत्ती दिली ते माग. पैसे परत हवे असतील तर तसं लिही. तो तुझा हक्क आहे, माझ्याकडे बघून सोडू नकोस.

आता एकच राहिलं. हे त्या मुलीला लिहिता येत नव्हतं, आणि मी सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, ते भांडण मला सलतंय हे तुला कसं कळलं. म्हणून ते नववं पत्र आल्यापासून दीड वर्ष गप्प बसलो. बाकी सगळ्यापेक्षा मला याची लाज जास्त वाटते.

त्या सकाळी बस सुटण्याआधी चिमी माझ्या ऑफिसात आली होती. पाठीवर सॅक, तोंडात माझ्याच डब्यातला घास. म्हणाली, "मामा, आई जाम चिडलीय. परत आले की आधी घरी जाते, तिला मनवते. दोन मिनिटं फुगून बसेल, मग जेवायला वाढेल." आणि हसत जिना उतरून गेली.

ती तुझ्यावर रागावलेली नव्हती, ताई. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. माझ्या शब्दावर तू आता का विश्वास ठेवावास, हे मलाही सांगता येत नाही. तरी हे खरं आहे.

उत्तर द्यावंसं वाटलं तर घरच्या पत्त्यावर दे. नाही दिलंस तरी मी समजेन.

या वेळी माझ्याच अक्षरात,
तुझा धाकटा भाऊ