नळाची वेळ

माय, तू गेल्यावर गाव पार बदललं, पण नळ अजून तसाच आहे. आठवडा-आठवडा तोंड दाखवत नाही आणि येतो तेव्हा नेमका दिवेलागणीला. तुला हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं त्या नळावरूनच झालं.

आज पोलीस ठाण्यात गणपतीच्या मिरवणुकीसाठी शांतता समितीची बैठक होती. त्या समितीत आता मी आहे, जशी तू होतीस. एक बाई लागते म्हणून. नवे साहेब छान बोलले. शांततेच्या, सुरक्षेच्या कामात बायकांना बरोबरीनं बसवू, असा शब्द आपल्या देशानं जगापुढे दिलाय म्हणाले. टाळ्या झाल्या. मला पुढची खुर्ची मिळाली, फोटो निघाला आणि फोटो निघाल्याबरोबर शेजारचा एकजण अगदी प्रेमानं म्हणाला, "ताई, तुमचं झालं. निघा आता, सैपाकाचा टाइम झाला." देशाचा शब्द फोटोपुरता टिकला म्हणायचा! मी पिशवी उचलली, तेवढ्यात साहेबांनी मिरवणुकीची ठरलेली वेळ वाचून दाखवली. दिवेलागण. रस्ता नळाचाच.

मला एकदम तुझी बैठक दिसायला लागली. पंचायतीच्या खोलीत पुरुष सतरंजीवर बसलेत आणि समितीची सभासद असलेली तू बाहेर ओट्यावर स्टोव्हपाशी. धाड गावच्या बाजारात सांबाराच्या हिरव्या जुड्या विकून तू थेट तिथं आलीस, रिकामी टोपली भिंतीशी टेकवलेली, मी तुझ्या पदराला धरून. वरच्या गल्लीचं आणि खालच्या गल्लीचं एकदाचं जमतं, मिरवणूक दिवेलागणीला न्यायची ठरते, आणि तू दारातून म्हणतेस, "त्या टायमाले नळ येते. दोन्हीकडच्या बायाइचे भांडे रस्त्यावर लागेल असतात." अध्यक्ष मान वळवूनही बघत नाहीत. "तू चाय पाह्य वं." सगळे हसतात. तूही हसलीस, ते मला अजून खुपतं.

त्या मिरवणुकीत नाचणाऱ्याचा पाय कुणाच्या तरी हंड्याला लागला. बायका ओरडल्या, पुरुष धावून आले, आणि बघता बघता दोन्ही गल्ल्यांकडून दगड सुरू झाले. तू मध्ये उभी राहून "थांबा बे, लेकरं हायेत!" म्हणत होतीस. दगड तुझ्या भुवईवर बसला. ती खूण झाकायला तू जन्मभर पदर खाली ओढत राहिलीस.

आता तिथं पाणी भरायला माझी लेक जाते, माय. मी पिशवी परत खाली ठेवली. म्हटलं, "मी नाही जात. साहेब, त्या टायमाले नळ येते."

या वेळी कुणी हसलं नाही. साहेबांनी विचारलं, खरं का हे? तेव्हा कोपऱ्यातून तुझे ते अध्यक्ष बोलले. फार थकलेत आता. "हो साहेब. इच्या मायनंबी तवा हेच सांगतलं होतं. कोनी आयकलं नाही." मिरवणूक दुपारवर आली.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याआधी राग आला, असा की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. इतकी वर्षं मी समजत होते, तुझा आवाज लहान होता, त्या हसण्यात बुडून गेला. तर नाही. त्यांना नीट ऐकू गेलं होतं. अक्षरन् अक्षर लक्षात होतं.

घरी आल्यावर लेक म्हणाली, "आई, तू उठलीच नाही म्हणे खुर्चीवरून! भारी आहेस." मी नुसती हसले आणि भात लावला. हा कागद कुणाला दाखवायचा नाही, म्हणून तुला खरं सांगते. पाय इतके लटपटत होते, माय, की उठायचं म्हटलं असतं तरी उठता आलं नसतं.