विषय क्रमांक सात : आत्या

तीर्थरूप आत्या,

पुतण्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात घातला आहे. खराखुरा घातला की कंबर धरते आणि उठवायला शिपायाला हाक मारावी लागते.) तुझे गुडघे कसे आहेत? उजवा जास्त दुखतो की डावा हे तू लिहिलं नव्हतंस, त्यावरून दोन्ही दुखत असावेत असा अर्थ मी काढला. बोका काय म्हणतो? इकडे सगळे खुशाल. धाकटीचा पुढचा आणखी एक दात पडला, थोरल्याचा आवाज फुटला आणि मी नोकरीतून जाता जाता राहिलो. त्याचीच हकीकत सांगायला बसलो आहे. जरा लांबेल, पण तू लाल पेन बाजूला ठेवून वाच. (गेल्या वर्षीचं माझं पत्र तू तपासून परत पाठवलंस. दहापैकी चार, आणि शेरा 'विषयांतर फार'. आत्या, तू शाळेतून निवृत्त झालीस त्याला अकरा वर्षं झाली. शाळेला हे माहीत आहे.)

तुझं कार्ड मिळालं. त्यात तू लिहितेस, 'दाताचं कळलं. गटाराला झाकण बसवायला माझी हरकत नाही, इतके दिवस काय करत होतात? शेवटच्या पानावर एकदम "तेव्हा नाही म्हणू नकोस" असं आहे. कशाला ते कळत नाही. तरी खबरदारी म्हणून नाही म्हणते.' हे कार्ड मी तीनदा वाचलं. गटाराबद्दल मी तुला एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. तिसऱ्या वाचनाला डोक्यात प्रकाश पडला.

झालं असं. नगरपालिकेच्या सभेत कोण काय बोललं आणि काय ठरलं ते लिहून ठेवायचं, हे माझं काम, हे तुला ठाऊक आहे. एकोणीस वर्षं तेच करतो. मागच्या महिन्याच्या सभेत विषय क्रमांक सात होता टपाल कचेरीसमोरच्या उघड्या गटाराला झाकण बसवण्याचा. झाकण लोखंडी असावं की सिमेंटचं, यावर आमचे सभासद पावणेदोन तास बोलले. (लोखंडी चोरीला जातं, सिमेंटचं फुटतं, आणि नसलेल्या झाकणाला दोन्हींची भीती नाही, असाही एक विचार पुढे आला.) तेवढ्या वेळात माणूस काय करणार? मी तुला पत्र लिहिलं. एका हाताशी सभा, दुसऱ्या हाताशी तू. शेवटी लोखंडी ठरलं, मी ते पानभर लिहिलं, मांडणाऱ्याची आणि पाठिंबा देणाऱ्याची सही घेतली, आणि गठ्ठा आवरताना तुझ्या पत्राचं दुसरं पान नगरपालिकेच्या कागदांत गेलं व नगरपालिकेचं सातवं पान तुझ्या पाकिटात. ते पाकीट मी स्वतः, त्याच उघड्या गटाराला वळसा घालून, टपालपेटीत टाकलं.

आता तू म्हणशील, टाइप करणाऱ्या बाईंना कळू नये? आत्या, त्या बाई अक्षर बघतात, अर्थ बघत नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्या टायपिंगमध्ये आजवर एक चूक नाही. शिवाय माझं अक्षर. त्याला वळण तूच लावलंस, उलट्या पट्टीने. पत्रातलं आणि दप्तरातलं अक्षर सारखंच, आणि भाषेचं म्हणशील तर तुझीच तक्रार आहे की माझी पत्रं ठरावासारखी वाटतात, त्यांत तूसुद्धा 'तू' नसतेस, 'आत्याने' असतेस. त्यामुळे विषय सातच्या खाली बाईंनी निमूटपणे टाइप केलं की, वरची पूर्वेकडची खोली रिकामी करावी. तिथली मोडकी सायकल व शिलाई मशीन हलवावे. खिडकीस नवीन बिजागरी बसवावी. आत्याचे गुडघे लक्षात घेता जिन्यास कठडा लावावा. आत्याने एकटीने राहणे आता पुरे झाले, तरी तिने बोक्यासह कायमचे राहावयास यावे. पत्नीस अद्याप विचारलेले नाही, तिला मांजराचे वावडे आहे, तिची समजूत घालण्याची जबाबदारी माझी राहील.

पुढच्या सभेत पहिला विषय नेहमी एकच, मागच्या सभेचा वृत्तांत वाचून कायम करणे. यातलं वाचून हे फक्त लिहिण्यापुरतं. अध्यक्षबाई चष्मा काढून पुसतात, पुसून होईपर्यंत 'कायम?' असं विचारतात, सगळे हात वर करतात, चष्मा नाकावर परत येतो. तेवढ्यात तू सर्वानुमते मंजूर झालीस. आमच्या गावात अजून नळाच्या वेळेवर एकमत झालेलं नाही, वाचनालयाच्या रंगावर झालेलं नाही, पण तू कायमची राहायला यावंस यावर बत्तीसच्या बत्तीस हात वर होते. मीही ते शांतपणे नोंदवून घेतलं. मीही वाचलं नव्हतं.

पहिली कुऱ्हाड पडली ती घरी. रविवारी सकाळी बेल वाजली. दारात शहर अभियंता, हातात फीत आणि बगलेत फाइल. (हा अभियंता नवा आहे. जुना कुठल्याही ठरावाला वर्षभर हात लावत नसे, तो असता तर मी तरलो असतो.) हिने दार उघडलं. मी दाढीला बसलो होतो, एक गाल झालेला. त्याने जिना मोजला, खिडकी हलवून पाहिली आणि मग आमच्या हिला अतिशय आदबीने विचारलं, "वहिनी, ठरावाप्रमाणे तुमची समजूत घालायची आहे. घातली का? अहवालात लिहावं लागतं." ही म्हणाली, "कसली समजूत?" तेव्हा त्या भल्या माणसाने फाइल उघडून दारातच सगळं पान मोठ्याने वाचून दाखवलं. 'पत्नीस अद्याप विचारलेले नाही' इथे तो जरा थांबला. मी साबण लावलेल्या गालानिशी जिन्याखाली उभा होतो. समोरच्या गॅलरीतून दोन डोकी वाकून बघत होती.

आत्या, तू मला तीनदा विचारलंस की बायकोला विचारलंस का. तिन्ही वेळा मी हो म्हणालो आणि तिन्ही वेळा तू विषय बदललास. तीस वर्षं पोरांना 'गृहपाठ केला का' विचारलेल्या बाईशी खोटं बोलून काय उपयोग होता? म्हणून या वेळी पत्रात खरं लिहिलं, आणि नेमकं तेच पान दप्तरात गेलं. खरं सांगायचं तर मला धीर होत नव्हता. ही नाही म्हणाली असती तर पुढे बोलायची सोय उरली नसती. म्हणून मी विचारायचं पुढे ढकलत राहिलो, आमच्या सभागृहातला सगळ्यात जुना उपाय तोच आहे. हिने तीन दिवस माझ्याशी अबोला धरला. चौथ्या दिवशी संध्याकाळी कचेरीतून येतो तर मोडकी सायकल अंगणात, शिलाई मशीन जिन्याखाली, आणि ही वरच्या खोलीत पदर खोचून जळमटं काढते आहे. मी विचारलं, "हे काय?" तेव्हा सगळा बांध फुटला. आत्या येणार याचा राग नव्हताच. अभियंत्याला माहीत, टाइपवाल्या बाईंना माहीत, बत्तीस सभासदांना माहीत, आणि घरात राहते तिलाच माहीत नाही, याचा राग होता. "आणि मला मांजर आवडत नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं?" असंही तिने विचारलं. मी म्हणालो, लग्नानंतर तू एकदा मांजर हाकललं होतंस. ती म्हणाली, "ते दुधात तोंड घालत होतं!" सोळा वर्षं मी त्या एका मांजरावरून निष्कर्ष काढून बसलो होतो.

दुसरी कुऱ्हाड कचेरीत. मुख्याधिकारी साहेबांनी आत बोलावलं आणि विचारलं, "ही आत्या कोण?" मी म्हणालो, "माझी, साहेब." "नगरपालिकेची नाही?" "नाही, साहेब." साहेब निवृत्तीला दोन महिने राहिलेले, पापभीरू माणूस. त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. एवढ्यात विरोधी बाजूचे हरकतकाका आत आले. (खरं नाव कोणी घेत नाही. ते 'नमस्कार' म्हटलं तरी हरकत घेतात.) त्यांना कुठून तरी सुगावा लागला होता. पण ठराव चुकीचा आहे ही त्यांची हरकत नव्हतीच. त्यांचं म्हणणं, सभा लिपिकाच्याच आत्याला कठडा का? आमच्या प्रभागातल्या आत्यांनी काय पाप केलं? तिथेही जिने आहेत, तिथेही गुडघे आहेत! दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे कठड्यासाठी अकरा आत्यांचे आणि एका मावशीचे अर्ज जमा झाले. (कठडा मी सुताराकडून स्वतःच बसवून घेतला आहे, नगरपालिकेचा एक खिळा त्याला नाही. मजबूत आहे, मी लोंबकळून पाहिलं.) दरम्यान, गटार उघडंच. त्याचा ठराव दप्तरात नाही, तो तुझ्याकडे, आणि ठरावाशिवाय झाकण बसवता येत नाही. लोकांनी त्यात एक झाडाची फांदी खोचून ठेवली. परवा अध्यक्षबाई फांदी चुकवायला गेल्या आणि त्यांची एक चप्पल आत गेली. त्या एका पायात चप्पल घालून सभागृहापर्यंत आल्या, कोणाची हसायची छाती झाली नाही.

तर आता माझी परिस्थिती अशी. कायम झालेला ठराव तीन महिने मागे घेता येत नाही. येत्या वीस तारखेच्या सभेत प्रत्येक ठरावाचं काय झालं ते सांगावं लागेल. तू आलेली असलीस तर 'पूर्तता झाली' असं दोन शब्दांत लिहून फाइल बंद होईल. नसलीस तर माझी चौकशी, साहेबांचं निवृत्तिवेतन लोंबकळत, आणि हरकतकाकांना जन्मभराचा विषय. शिवाय गटाराचं पान सह्यांचं, मूळ प्रत. ते टपालाने पाठवू नकोस, टपालाने काय होतं ते आपण पाहिलं. स्वतः घेऊन ये. (त्याच्यावर लाल शाई चालवली नसशील तर उपकार होतील. दुसऱ्या ओळीत शुद्धलेखन चुकलं आहे, मला माहीत आहे.) खोली तयार आहे. बिजागरी बसली. सकाळचं ऊन थेट आत येतं.

हिचा नमस्कार, मुलांचा नमस्कार, बोक्यास आशीर्वाद. अभियंताही तुझ्या गुडघ्यांची चौकशी करत होता, त्याला मापं लिहायची आहेत.

तुझा,
एक गाल दाढी राहिलेला पुतण्या

ता. क. : खाट खिडकीकडे हवी की भिंतीकडे, असं ही विचारते आहे. मला विचारलं होतं. मी खिडकीकडे म्हणालो, तेव्हापासून ती भिंतीकडे आहे.

ता. क. दुसरा : हे पत्र पाकिटात घालण्याआधी हिने वाचलं आणि म्हणाली, आत्यांना पुन्हा फसवून आणणार असाल तर मी खोली परत सायकलीने भरते. तेव्हा खरं लिहितो. वीस तारखेला काही होणार नाही. सोमवारी एक तातडीची सभा झाली. साहेबांनी 'मागील विषय सातमध्ये नजरचुकीने आलेला मजकूर वगळून लोखंडी झाकण बसवावे' असं एक पान मला लिहायला लावलं, मी ते गठ्ठ्यात ठेवलं, अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला, आणि बत्तीस हात वर झाले. कोणीही वाचलं नाही. (सगळ्या सभासदांना मान्य असेल तर तीन महिन्यांची अट लागत नाही, हे मी वर मुद्दामच लिहिलं नाही.) बुधवारी झाकण बसलं. माझी चौकशी टळली, साहेब आता डोळे उघडे ठेवून बसतात, आणि तुझ्याकडचं पान रद्दीत टाकलंस तरी चालेल. म्हणजे तू यावंस याला आता एकही सरकारी कारण उरलेलं नाही.

ता. क. तिसरा : गेल्या थंडीत तू न्हाणीघरात पडलीस आणि आम्हाला दीड महिन्याने कळवलंस, तेही बोक्याच्या सर्दीच्या खाली, एका ओळीत. तेव्हापासून टपाल आलं की मी आधी तुझं अक्षर थरथरतंय का ते बघतो, मग मजकूर वाचतो. मला भीती वाटते आत्या. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. तू आलीस, माझी पेटी भरलीस आणि मला घेऊन गेलीस. तेव्हा तू कुठे कोणाला विचारलं होतंस?

ता. क. चौथा : या पत्रात चुका बऱ्याच असतील, आणि विषयांतर तर आहेच. सावकाश तपास, हवे तेवढे गुण काप. फक्त परत पाठवू नकोस. घेऊन ये.