कप्तान मुकासाची बहीण

क्योतेरा,
मंगळवार, १३ ऑगस्ट

चि. देओग्रासियास यास ताईचे आशीर्वाद.

गुडघे सोडले तर माझं बरं चाललंय. तू कसा आहेस हे विचारत नाही, कारण दर रविवारी तुझा आवाज ऐकते. गेल्या महिन्यात सर्दी झाली होती ना? आल्याचा चहा घेत जा.

पत्र बघून दचकशील. तुझा नंबर माझ्याकडे नाही असं नाही. सिनेमातल्या ऐन मारामारीत तू तो ओरडून सांगतोस, तेव्हा तो साऱ्या देशाकडे आहे. पण फोनवर मी दोन वाक्यांत घसरते आणि भलतंच बोलून मोकळी होते. कागदावर जरा थांबता येतं. कंपालाच्या फेऱ्या मारणारा टॅक्सीवाला लुबोवा हे पाकीट तुझ्या स्टुडिओत आणून देईल.

इकडे कॉफी बरी आली, अंगणभर वाळत पडलीय. आत्या ठणठणीत आहे आणि सगळ्यांना फैलावर घेते आहे. शाळांचे गणवेश शिवून शिवून माझ्या कमरेचं लाकूड झालंय. सकाळी उठते तीच दमलेली उठते.

आणि एक बातमी. तुझी ताई बावन्नाव्या वर्षी प्रेमात पडली आहे. हसू नकोस. माणसाच्या नाही, त्या तुझ्या नव्या मालिकेच्या. 'लांबचं जहाज'च्या.

माझ्या दुकानासमोर मुसोकेचा व्हिडिओ हॉल आहे, तुला माहीतच आहे. दोन वर्षं तिथून तुझा आवाज आला की मी मशीन जोरात चालवायचे. लोक म्हणायचे, इंग्रजी मालिका कुठलीही असो, वीजे कासुज्जानं, म्हणजे तू, वरून आपल्या भाषेत बोलून सांगितली नाही तर मजा नाही. मी मान वर करायची नाही. मग मे महिन्यात एका रविवारी प्रार्थनेहून परत येताना गुडघ्यांनी संप केला, आणि सर्वांत जवळचा बाक मुसोकेच्या हॉलमधला होता. पाच मिनिटं टेकायचं म्हणून आत गेले, ती भाग संपल्यावर उठले.

काय आवडलं सांगू? कुणालाच घाई नाही. नऊशे वर्षांचा प्रवास, तिथे घाई करून करणार काय! दिव्यांच्या उजेडात घेवड्याचे वेल लावतात, हवा मोजून घेतात, आणि खिडकीबाहेर सगळं काळं आणि शांत. ती म्हातारी अवकाशात घालायचे कपडे शिवते ना, तिच्यासाठी तर मी जीव टाकते. काखेतली शिवण ती एकेरी घालते, तिथे दुहेरीच हवी, नाहीतर माणूस हात वर करताच मरेल. मी हे हॉलमध्ये मोठ्यानं बोलले. मुसोके म्हणाला, "पेरपेतुआमाई, पुढचा बाक तुमच्यासाठी राखून ठेवतो. पण रडायचं असेल त्या दिवशी मागे बसा. तुमच्या हुंदक्यांत वीजे ऐकू येत नाही."

कारण मी रडायचे. कप्तान मुकासा त्या काचेसमोर बसून पृथ्वीवरच्या बहिणीला निरोप धाडायचा, तेव्हा. तो तरुणच राहतो आणि ती इथे म्हातारी होत जाते. निरोप पोचेपर्यंत तिचे केस पिकतात. सगळा हॉल रडायचा, त्यात माझं रडणं खपून जायचं.

आता सेकितोलेको मास्तरांचं सांगते. माझी मागची खोली त्यांनी भाड्यानं घेतलीय, शाळेत पदार्थविज्ञान शिकवतात. तीच मालिका ते लॅपटॉपवर इंग्रजीत बघतात. शनिवारी सकाळी चहा द्यायला गेले तर म्हणाले, "माई, रागावू नका, पण तुमचा भाऊ विज्ञानाचं पार वाटोळं करतोय."

"का? काय केलं त्यानं?"

"त्या कप्तानाला बहीणच नाही."

"मुकासाला?"

"त्याचं नाव मुकासाही नाही हो!"

मी पाचवीत शाळा सोडली, मला काय कळणार. म्हटलं, दाखवा. त्यांनी सहावा भाग लावला. तोच कप्तान, तीच काच, तेच ओले डोळे. तुझ्या भागात तो म्हणतो, 'ताई, मी पोचलो तोवर माती टाकून झाली होती. बाबांनी शेवटी माझं नावही काढलं नाही, ते बरोबरच केलं. सगळं तुझ्या एकटीवर टाकून पळालो. मला माफ कर.' मी मास्तरांना विचारलं, खरं तो काय म्हणतोय?

"तीन नंबरची पाण्याची टाकी गळतेय म्हणतोय. अहवाल देतोय."

"आणि डोळ्यांत पाणी का?"

"थकलाय, माई. तीन दिवस झोपलेला नाही."

मास्तर बिचारे हसत होते. मीही हसले. मग दुकानात आले, कुणाचातरी गणवेश मशीनखाली घातला आणि बाही खिशाला शिवून टाकली.

देओ, तीन महिने तू माझ्याशी बोलत होतास आणि मला वाटत होतं मी मालिका बघतेय. आता मला बोललं पाहिजे. खूप दमलेय रे, हे पोटात धरून धरून.

बाबांना पुरल्यावर तिसऱ्या दिवशी तू दारात उभा होतास. सगळ्यांसमोर मी तुला म्हणाले, "कशाला आलास? त्यांनी तुझं नावही काढलं नाही."

ते खोटं होतं.

शेवटचे चार दिवस त्यांनी दुसरं कुणाचं नावच काढलं नाही. सारखं एकच, "देओ आला का?" मी म्हणायचे, "निरोप धाडलाय, टॅक्सीत बसलाय." निरोप धाडलाच नव्हता. फोन कनवटीला होता, तुझा नंबर त्यात होता, चार दिवस मी तो बाहेर काढला नाही. मेल्यावर काकांच्या पॉलोनं तुला कळवलं, मी नाही.

का, ते सांगते. तीन वर्षं मी त्यांना उचललं, धुतलं, मॅटोकेची उकडलेली केळी कुस्करून भरवली. तीन वर्षांत एकदाही "पेरपेतुआ, दमलीस का?" असं म्हणाले नाहीत. आणि ज्याला 'वीजेचे माकडचाळे' म्हणून घराबाहेर घालवलं, त्याच्यासाठी डोळे दाराला लावून बसले. मला तुझा इतका राग आला, देओ, की तू त्यांना भेटू नयेस असंच मला वाटलं. माझ्या हातात तेवढं एकच होतं आणि ते मी केलं. क्षमा मागायची म्हटली तर आता कशी मागू तेही कळत नाही.

गुरुवारी दुपारी ते शुद्धीवर होते. म्हणाले, "घर देओचं. त्याला सांग, मी रागावलेलो नाही. माझं तोंड वाईट, मन नाही." हे शब्द त्यांचे आहेत, त्यात माझं एकही अक्षर नाही. दोन वर्षं उशिरा तुला पोचवतेय.

२८ सप्टेंबरला त्यांचा शेवटचा विधी, वारस उभा करायचा, ठरलाय. बाबांनी वारस सांगितला नाही असं मी कुळातल्या वडीलधाऱ्यांना सांगितलं होतं, म्हणून त्यांनी पॉलोला निवडलंय. खांद्यावर झाडाच्या सालीचं कापड घेऊन वारस म्हणून उंबऱ्यात तो उभा राहणार. काल मी आत्याजवळ सगळं ओकले. तिनं सोलायच्या भुईमुगाची टोपली बाजूला ठेवली. मग म्हणाली, "दोन वर्षं हे पोटात ठेवून तू दर रविवारी चर्चमध्ये ख्रिस्तप्रसाद घेत होतीस?"

"घेत होते."

"मग मला काय सांगतेस? ज्याचं आहे त्याला सांग. आणि मग सगळ्यांना."

तर त्या दिवशी उंबऱ्यात कुणीही उभं राहायच्या आधी मी सगळ्यांसमोर उभी राहून हे सांगणार आहे. तू आलास तरी सांगणार, न आलास तरी सांगणार. पॉलोला आज संध्याकाळीच सांगते, त्याला बाहेरून कळायला नको.

मला माफ कर असं तू पुन्हा कुठेही म्हणू नकोस. तू काही केलेलं नाहीस.

रागावून ये. माझ्याशी बोलू नकोस, माझ्या हातचं खाऊ नकोस, आत्याकडे उतर. पण ये.

जिनं तेव्हा तुला बोलावलं नाही, ती तुझी ताई,
पेरपेतुआ