उलटवलेली दोरी

ती. मॅलाकीदादास,
धाकट्या फिंटनचा नमस्कार. तुझा गुडघा आता काय म्हणतो? डर्व्हलावहिनींचा खोकला थांबला का? (डब्लिनच्या धुरात तो थांबणार तरी कसा म्हणा.) इकडे सगळे खुशाल. आमच्या सौ. उनाची तब्येत तर फारच उत्तम आहे.

आता बातमी. दादा, तळ्यावर उन्हाळ्यातली माशी थव्यांनी उठली! झुडपांची पानं दिसेनाशी झाली आहेत आणि ती खायला ट्राउट मासे असे वर येताहेत की पाणी उकळल्यासारखं वाटतं. अर्ध्या गावाने दुकानं बंद केली आहेत. मीही कापडदुकानाला ‘प्रकृती बरी नाही’ अशी पाटी लावली. (कोणाची, ते लिहिलेलं नाही.) रविवारी पलीकडच्या काठावरच्या गावाशी मासे धरायचा सामना आहे. गावाच्या होडीत आजोबांपासून एक जागा आपल्या घराची, हे तुला मी काय सांगू? पण यंदा कप्तान टियरनन, तोच तो गुरांचा डॉक्टर, म्हणाला की जागा वडिलोपार्जित नाही, गुरुवारी सगळ्यांनी गळाची नकली माशी फेकून दाखवायची. माझी झोपच उडाली.

कारण तू पाठवलेली ती गळाची नवी प्लास्टिकची दोरी. दोन उन्हाळे कशी सुरेख तरंगली! तरंगायला तिला चरबी चोळावी लागत नाही असं तू बजावलं होतंस, तरी मी चोळत होतो. (बाबांच्या दोरीला चोळायचो आणि हिला नाही, हे मनाला पटेना.) परिणामी यंदा तिच्या टोकाला भेगा पडल्या आणि ते बुडायला लागलं. मग बाबांच्या मुलाने काय करावं? बाबांनी रेशमी दोरी कधी टाकून दिली का? पोटात जाड, दोन्ही टोकांना सारखी निमुळती. एक टोक झिजलं की उलटी गुंडाळायची आणि दुसऱ्या टोकाने मासे धरायचे. आई शर्टाच्या कॉलरी उलटवायची, त्यातलाच प्रकार. मीही उलटवली, आणि नव्या दोरीचे पैसे वाचवले म्हणून दिवसभर शीळ घालत हिंडलो.

गुरुवारी सगळ्या गावासमोर गळाची काठी उगारली. दोरी पुढे जायचं सोडून माझ्याच मानेभोवती बसली. दुसऱ्यांदा टियरननच्या टोपीवर. मी वाऱ्याला दोष दिला (वारा नव्हता), मग काठीला, आणि शेवटी, माफ कर, तुला. दुकानदाराने डब्लिनच्या साहेबाला गंडवलं, असं मी चारचौघांत बोललो. टियरनन टोपी झटकत म्हणाला, "फिंटन, आमच्या हिची कपडे वाळत घालायची दोरी याहून लांब जाते रे." सगळे हसले. दादा, खोटं कशाला सांगू, मला रडू येत होतं.

घरी येऊन दोरी सोडवली. उना लोकरीची लड धरावी तशी ती हातांवर घेत होती. मध्येच थांबली. म्हणाली, "फिंटन, जाड भाग आत कशाला गुंडाळलास? पुढे वजन नको का?"

झालं! या नव्या दोरीचं सगळं वजन एकाच टोकाला असतं. मागची नुसती शेपूट. आणि मी गावासमोर शेपूट फेकत होतो. तीच दोरी पुन्हा सरळ गुंडाळली, आणि शुक्रवारी सकाळी धक्क्यावर काय फेक गेली म्हणून सांगू! भेगाळलेलं टोक, तरी माशी पिसासारखी टेकली, आणि टेकताच मासा! टियरनन पाइप हातात धरून बघतच राहिला. त्याने तिथल्या तिथे नाव पक्कं केलं. आपली जागा आपल्याच घरात राहिली, दादा! बाबा असते तर गावभर सांगत फिरले असते. वहिनींना नमस्कार.

तुझा,
फिंटन

ता. क. टोक आता बुडतंच आहे. तसलीच नवी दोरी रविवारच्या आत धाडशील का?

ता. ता. क. पार्सल उनाच्या नावाने पाठव. शुक्रवारची फेक तिची होती आणि नावही तिचंच लागलं आहे. मी वल्ह्यावर आहे. पुढचं टोक कोणतं ते चिठ्ठीत लिहू नकोस. तिला ठाऊक आहे, आणि मला त्या होडीत तोंड उघडायची परवानगी नाही.